पिन तुटली नव्हती

"त्यांची बंदूक परत देऊ नका."

देवधर वहिनी इतक्या हळू बोलल्या की मला पुन्हा विचारावं लागलं. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. निवडणुकीचा निकाल लागला होता, आचारसंहिता उठली होती, आणि लग्नाच्या हॉलबाहेर चपला शोधाव्यात तशी प्रत्येकाला आपलीच बंदूक आधी हवी होती. बाहेर जूनचं ऊन, आत एकच कूलर. त्याचा आवाज माणसांच्या आवाजापेक्षा मोठा.

मी वहिनींना मागच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेलो. स्टूल पुसून दिलं. त्या बसल्या नाहीत.

आधी धंद्याचं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी आर्मरर. म्हणजे बंदुकांचा मेकॅनिक. निमलष्करी दलात उमेदीची सगळी वर्षं हेच केलं. निवृत्त झाल्यावर साताऱ्याला जायचं ठरलं होतं, पण मुलीची नोकरी गुरुग्रामला, म्हणून आम्ही मियाँबीवी दिल्लीत मुनिरक्याला भाड्याने राहतो आणि मी जुन्या दिल्लीच्या कडेला चोप्रा नावाच्या डीलरच्या वर्कशॉपमध्ये बसतो. निवडणूक जाहीर झाली की लायसन्सवाल्यांना आपली हत्यारं जमा करावी लागतात. पोलीस ठाण्यात करा, नाहीतर आमच्यासारख्या डीलरकडे. ठाण्याचा मालखाना म्हणजे ओल, धूळ आणि गंज. म्हणून शौकीन मंडळी आमच्याकडे ठेवतात. इथे मी तेल देतो, पुसतो, कुणाची लाडकी कुठे ठेवलीय ते लक्षात ठेवतो.

शौकीन म्हणजे गुंड नव्हे. डॉक्टर, वकील, आयटीवाले, निवृत्त अधिकारी. रविवारी रेंजवर जाऊन मातीच्या उडत्या थाळ्या फोडणारे. ही माणसं बंदुकीबद्दल जेवढं बोलतात तेवढं बायकोमुलांबद्दल बोलत नाहीत. कोणतं तेल, कोणता ब्रश, लाकडाला जवस तेल की मेण, यावर त्यांच्या ग्रुपवर तीन-तीन दिवस वाद चालतो. श्रीकांत देवधर त्या ग्रुपचे भीष्म. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून डायरेक्टर म्हणून निवृत्त, मयूर विहारला सोसायटीत फ्लॅट, मूळचे पुण्याचे. त्यांची बाराबोर दुनळी वडिलांकडून आलेली, जुनी इंग्रजी. दुनळी म्हणजे दोन नळ्या शेजारी-शेजारी. तिच्या कुंद्याच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या भागाच्या, लाकडावर रेषा अशा की बघत राहावं. आणि त्यांचा नेम. नवशिक्यांना त्यांच्यामागे उभं करायचे, फक्त बघायला.

"काय झालं, वहिनी?"

"ते बंदूक साफ करतात तेव्हा घरभर वास सुटतो," त्या म्हणाल्या. "त्या सॉल्व्हंटचा. तीस वर्षं मी त्यावरून भांडतेय. खिडक्या उघडा, पेपर अंथरा, माझ्या चादरीला डाग पाडू नका. निवडणुकीच्या आधी एका दुपारी मी बँकेतून लवकर आले. ते पलंगावर बसले होते. मांडीवर बंदूक. मला बघून म्हणाले, साफ करत होतो."

त्यांनी दुकानाच्या दाराकडे एकदा बघून घेतलं.

"भाऊ, खोलीत वास नव्हता."

माझ्या हातातल्या फडक्याची मी उगाच घडी करत राहिलो.

त्या एका वाक्यात काय होतं ते बंदुकीच्या घरातलाच माणूस ओळखेल. तो वास कपड्यातून दोन दिवस जात नाही. वास नाही म्हणजे बाटली उघडलीच नव्हती. मग बंदूक कशाला बाहेर काढली होती?

वहिनींनी पुढचं सांगितलं. साहेबांचा उजवा हात गेलं वर्षभर थरथरतो. आधी चहाचा कप, मग सही, मग नेम. रेंजवर थाळ्या सुटायला लागल्या तेव्हा त्यांनी जाणं कमी केलं. ग्रुपवर लिहायचे, पाठ धरलीय. घरात बोलणं बंद. झोप नाही. शूटिंगचं जॅकेट कुणालातरी देऊन टाकलं. आचारसंहिता लागली आणि बंदूक घराबाहेर गेली, तेव्हा वहिनी दोन-अडीच महिने नीट झोपल्या. आता निकाल लागला होता.

"निवडणूक रोज का नसते हो?" असं म्हणून त्या हसल्या आणि मग तोंडाला पदर लावून रडल्या.

मी चोप्राकडे गेलो. चोप्रा माणूस वाईट नाही. पण दुकानदार आहे, आणि या धंद्यात एक चूक झाली की दुकानाला सील.

"इनामदार साहब," तो म्हणाला, "लायसन्स वैलिड है. माल उसका है. मैं किस हैसियत से रोकूँ? बीवी के कहने पे? कल वो वकील लेके आएगा."

"माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे," मी म्हटलं, अर्थात हिंदीत.

"तो पुलिस को बोलो, डॉक्टर को बोलो. मैं क्या हूँ? दुकानदार."

कायद्याने तो बरोबर होता. जमा केलेलं हत्यार परत न देण्याचा आम्हाला अधिकार नाही. बंदूक बिघडलेली असेल तरच ती अडकवून ठेवता येते, आणि तेही गिऱ्हाईक थांबायला तयार असेल तर.

म्हणून मी ती बिघडवली. मोडली नाही. नुसत्या दोन फायरिंग पिना काढल्या. फायरिंग पिन म्हणजे खिळ्याएवढा पोलादी तुकडा. चाप ओढला की हातोडी त्याच्यावर पडते, आणि तो काडतुसाच्या बुडाला टोचतो. दुनळीला दोन नळ्या, म्हणून दोन पिना. त्या नसल्या तर एवढी देखणी बंदूक म्हणजे घरातली काठी. जुन्या इंग्रजी बंदुकीच्या पिना बाजारात मिळत नाहीत. त्या झिजतात, तुटतात, आणि मग नवीन मिळेपर्यंत माणसं महिनोन् महिने खोळंबतात. सगळ्या शौकिनांना हे माहीत आहे. त्यामुळे खोटं खपण्यासारखं होतं.

पिना मी एका डबीत घालून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या. वहिनींना म्हटलं, "मी वेळ विकत घेतोय, इलाज नाही करत. या वेळात त्यांना डॉक्टरकडे न्या. आणि लायसन्सच्या ऑफिसात सांगून ठेवा." त्या हो म्हणाल्या. त्यांना वाटलं अर्धं काम झालं. मलाही वाटलं, कशाला खोटं बोलू.

देवधर साहेब दुसऱ्या दिवशी आले. इस्त्रीचा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट, उजवा हात खिशात. चोप्राने त्यांना माझ्याकडे पाठवलं. दुकानात आम्ही दोघं नेहमी मराठीतच बोलायचो, आणि ते त्यांना आवडायचं. म्हणायचे, इनामदार, तुमच्याकडे आलो की सासवडच्या एसटी स्टँडवर आल्यासारखं वाटतं. त्या दिवशी तसं काही म्हणाले नाहीत.

"पिन गेली?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही. टोकं झिजून टोकदार झाली होती, साहेब. तशी पिन काडतुसाच्या बुडातून आरपार जाते आणि गॅस मागे डोळ्यावर येतो. देऊ शकत नाही मी."

हे तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के खरं आहे. फक्त त्यांच्या बंदुकीच्या बाबतीत खरं नव्हतं.

"किती वेळ?"

"शोधावं लागेल. तुमची बंदूक दुर्मीळ."

त्यांनी बंदूक डाव्या हातात घेतली, नळ्या उघडल्या, उजेडाकडे धरून आतून बघितलं. मग मला परत दिली. "बरं," म्हणाले. चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. बंदूक अडकली की शौकीन माणूस दुकान डोक्यावर घेतो. हे "बरं" म्हणून मेट्रोकडे चालत गेले.

आता डॉक्टरचं ऐका. याचा मला आजही संताप येतो.

लायसन्स काढताना आणि रिन्यू करताना मेडिकल सर्टिफिकेट लागतं. शरीर धड आहे, मन धड आहे, असं डॉक्टरने लिहून द्यायचं. कल्पना चांगली आहे. पण त्यामुळे या मंडळींमध्ये एक अलिखित नियम पडलाय: मनाचं किंवा हाताचं काही दुखणं असेल तर डॉक्टरच्या कागदावर येऊ द्यायचं नाही. कागदावर आलं की रिन्यूअल अडकलं. ग्रुपवर कुणी नुसतं विचारलं की झोपेची गोळी घेऊ का, तर पाच जण लगेच सांगतात, घ्या, पण प्रिस्क्रिप्शनवर नको. योगा करा. अश्वगंधा घ्या. एकमेकांची काळजी घेतात बिचारे. हे नवीन मेंबरला सांगणाऱ्यांत देवधर साहेब स्वतः पुढे असायचे.

वहिनींनी त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे चला म्हटलं. ते म्हणाले, "हात म्हातारा झालाय, बाकी काही नाही." मग धीर करून मानसोपचाराचं नाव काढलं. साहेब शांतपणे म्हणाले, "सुनीता, हिवाळ्यात माझं रिन्यूअल आहे."

म्हणजे जो माणूस जगायचं की नाही याचा हिशेब करत बसला होता, त्याला लायसन्स जाईल याची भीती होती. मी हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, असं कसं असेल? पण असतं. नेम हीच ज्याची ओळख, त्याचा हात गेला. आता तो कागद तरी राहू दे, असं त्याला वाटत असेल. मी माझ्या बुद्धीने अर्थ लावतो. विचारायला ते नाहीत.

लायसन्सच्या ऑफिसात वहिनी एकट्या गेल्या. तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, मॅडम, इन्क्वायरी होईल. झाली. एका सकाळी ठाण्यातून हवालदार घरी आला आणि हॉलमध्ये सोफ्यावर बसून, साहेब समोर असताना, वहिनींना विचारलं, "मैडम, आपको इनसे कोई ख़तरा है?"

वहिनी मला फोनवर हे सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज सपाट होता.

"मग?"

"मी काय म्हणणार, भाऊ? मला धोका आहे का, असं विचारलं त्याने. मला कुठे होता? मी नाही म्हटलं. हे उठले, हवालदारासाठी स्वतः पाणी आणलं, डाव्या हाताने. नोकरी कुठे केली, कोणत्या सेक्रेटरींबरोबर काम केलं, सगळं सांगितलं. तो जाताना यांना सॅल्यूट करून गेला."

"साहेब तुम्हाला काही बोलले?"

"म्हणाले, पोलीस व्हेरिफिकेशन आजकाल फार सौजन्याने करतात. आणि पेपर वाचायला बसले."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वहिनी त्यानंतर कुठल्याच ऑफिसात गेल्या नाहीत. त्यांचा सगळा भरवसा माझ्या ड्रॉवरमधल्या डबीवर येऊन बसला. दर आठवड्याला फोन करायच्या. "पिन मिळाली नाही ना, भाऊ?" मी म्हणायचो, नाही. जुलै गेला. मला वाटायला लागलं, असंच पुढच्या निवडणुकीपर्यंत रेटू. एवढ्या मोठ्या देशात निवडणूक काय, कुठली ना कुठली येतेच.

आणि मग अनिकेतचा फोन आला.

अनिकेत गुरुग्रामला एका आयटी कंपनीत मॅनेजर. मूळचा ठाण्याचा, चाळिशीचा, दोन मुलांचा बाप. नेम धरायला देवधर साहेबांनीच शिकवलेला. ते जॅकेट साहेबांनी यालाच दिलं होतं. ते त्याला खांद्यात घट्ट होतं, तरी तो दर रविवारी घालायचा.

"काका! गुड न्यूज. सरांच्या पिना मिळाल्या!"

"कुठे?" मी विचारलं.

"पानिपत. ग्रुपवर टाकलं होतं मी. तिथे एक म्हातारे गनस्मिथ आहेत, लायसन्सवाले. त्यांच्याकडे त्याच मेकच्या जुन्या पिना पडून होत्या. मी शनिवारी स्वतः जाऊन आणतो. सरांना सांगू नका, सरप्राईज."

अनोळखी माणसांनी मिळून त्या पिना शोधल्या होत्या. लुधियानाच्या कुणीतरी मेरठच्या कुणालातरी फोन केला होता, त्याने पानिपतला. एका आजारी माणसासाठी रक्त शोधावं तसं. या ग्रुपसारखी मदतीला धावणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत, आणि ती इथेच धावायची होती.

वहिनींनी मला ग्रुपमधल्या कुणाला सांगू नका म्हटलं होतं. मी तो शब्द मोडला. त्याच संध्याकाळी अनिकेतला मेट्रो स्टेशनजवळ चहाच्या टपरीवर बोलावलं आणि सगळं सांगितलं. वास नव्हता ते, हात, जॅकेट, पिना माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत तेही.

अनिकेतने चहाला हात लावला नाही. चहावर साय आली.

"काका, सर डिप्रेस्ड आहेत हे मला कळतंय," तो म्हणाला. "मी काय आंधळा आहे का? पण का आहेत? शूटिंग सुटलं म्हणून. आणि तुम्ही काय केलं? त्यांची गनच काढून घेतली."

"अरे, ती घरात—"

"रेंजवर उभं राहिलं की डोक्यात दुसरं काही राहत नाही. मला विचारा. दोन वर्षांपूर्वी माझा जॉब गेला होता ना, तेव्हा सरांनीच मला रेंजवर ओढून नेलं. तेच माझं मेडिटेशन होतं. त्यांनी मला वाचवलं, काका. आता माझी टर्न आहे."

"त्यांना डॉक्टरची गरज आहे."

"डॉक्टर काय करणार? गोळ्या देणार, त्याने हात अजून थरथरणार. वर लायसन्स जाणार. मग तर संपलंच." त्याच्या डोळ्यात पाणी होतं. "मी दर रविवारी त्यांना घरून पिक करीन. मी घेतो जबाबदारी. बिल्कुल टेन्शन घेऊ नका."

पालथ्या घड्यावर पाणी. पण मला त्याचा रागही धड आला नाही, कारण तो मनापासून बोलत होता, आणि त्याच्या बाबतीत ते खरं झालं होतं. स्वतःला जे औषध लागू पडलं ते दुसऱ्याला पडेलच, असं माणसाला वाटतं. आमच्या दलातही असेच सल्ले द्यायचे. ट्रूप्सबरोबर व्हॉलीबॉल खेळ, ठीक होशील.

मी वहिनींना फोन करून सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग आता?" मी म्हटलं, बंदुकीच्या कपाटाची किल्ली मागून घ्या. त्या म्हणाल्या, "काय सांगून मागू?"

शनिवारी दुपारी अनिकेत साहेबांना गाडीत घालून दुकानात घेऊन आला. माझ्या टेबलावर एक छोटी पुडी ठेवली. साहेबांनी पुडी उघडली. आत दोन पिना, जुन्या तेलाने काळ्या पडलेल्या. पण अस्सल. मी भिंगातून बघितल्या. टोकं गोल, माप बरोबर. खोट काढायला जागा नव्हती. मी तरी म्हटलं, "मेटल टेस्ट करावं लागेल."

चोप्रा मागून आला. "अरे इनामदार साहब, ओरिजनल है. इसमें क्या टेस्ट? लगाओ, लगाओ. देवधर साहब इतने दिन से रुके हैं." अनिकेत आणि तो समोरून जिलेबी आणायला गेले. अनिकेतने जाताना माझ्याकडे बघून मान हलवली. सगळं ठीक होईल, अशी.

मी बंदूक खोलली. स्क्रू ढिले केले, जुन्या जागेत नव्या पिना सरकवल्या, स्प्रिंग बसवल्या. माझा हात कधी थरथरत नाही. त्या दिवशीही थरथरला नाही, याचंच मला वाईट वाटतं. साहेब समोरच्या स्टुलावर बसून माझ्या हातांकडे बघत होते.

"इनामदार," ते म्हणाले, "पिन तुटली नव्हती ना?"

मी वर बघितलं. आवाजात राग नव्हता. परीक्षेचा पेपर तपासताना विचारावं तसं विचारलं त्यांनी.

"नाही," मी म्हटलं.

"झिजलीही नव्हती."

"नाही, साहेब."

"सुनीता आली होती?"

"हो."

त्यांनी मान डोलावली. खिशातला हात बाहेर काढून मांडीवर ठेवला. तो हलत होता आणि आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत होतो. पहिल्यांदाच त्यांनी तो लपवला नाही. मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. आता विचारायचं, सरळ विचारायचं, असं मी ठरवलं. "साहेब, तुम्हाला—"

"गरमागरम!" चोप्रा दारातून ओरडला. मागे अनिकेत, हातात जिलेबीचा पुडा, फोनचा कॅमेरा सुरू. "सर, गन हातात घ्या ना. ग्रुपवर सगळे वेट करतायत."

साहेबांनी हात परत खिशात घातला. डाव्या हाताने बंदूक घेतली आणि फोटोसाठी हसले. फार सुंदर हसायचे ते. निघताना माझ्याजवळ येऊन म्हणाले, "काम छान केलंत." मी म्हटलं, "साहेब, उद्या मी घरी येऊ का? बसू जरा." ते म्हणाले, "उद्या रेंज आहे. पुढच्या आठवड्यात या."

रविवारी अनिकेतने त्यांना रेंजवर नेलं. शब्दाचा पक्का निघाला पोरगा. ग्रुपवर व्हिडिओ आला. साहेब उभे, थाळ्या उडतायत, एकही फुटत नाहीये, आणि मागे सगळे टाळ्या वाजवतायत. कमबॅक, लिहिलं होतं. मी तो व्हिडिओ एकदा बघितला. मला त्या टाळ्या ऐकवेनात. ज्या माणसामागे लोक नुसतं बघायला उभे राहायचे, त्याला आता न फुटलेल्या थाळीसाठी टाळ्या मिळत होत्या.

त्या आठवड्यात मी मयूर विहारला जाणार होतो. त्याआधीच अनिकेतचा फोन आला. "काका, सर गेले," एवढंच तो म्हणाला, आणि मग नुसता रडण्याचा आवाज. कसे, ते मी विचारलं नाही.

पोलीस दुकानात आले. इन्स्पेक्टर समंजस होता. त्याने एकच गोष्ट दोनदा विचारली. "हथियार में कोई ख़राबी तो नहीं थी? रिपेयर आपने किया था?" मी म्हटलं, "जी, मैंने किया. कोई ख़राबी नहीं थी. एकदम दुरुस्त था." चोप्राने सुटकेचा निःश्वास टाकला. मी बाहेर जाऊन उन्हात उभा राहिलो.

ग्रुपवर दोन दिवस ओम शांती चाललं. पेटत्या पणतीची, झुकलेल्या बंदुकीची चित्रं, फुलं, सलाम. तिसऱ्या दिवशी एकाने मला वेगळा मेसेज केला. सरांची दुनळी फॅमिली विकणार असेल तर प्लीज मला आधी सांगा, योग्य हातात जायला हवी. मी त्याला ब्लॉक केलं. मग दुसऱ्याचा आला.

मी आणि बायको भेटायला गेलो तेव्हा वहिनी बाल्कनीत बसल्या होत्या. बायको आत पाणी आणायला गेली. घरात कुठलाच वास नव्हता, नुसती उदबत्ती.

"त्या शनिवारी दुकानात ते काय बोलले, भाऊ?"

मी सांगितलं. पिन तुटली नव्हती ना, असं विचारलं. मी नाही म्हटलं. तुम्ही आला होतात का, विचारलं. मी हो म्हटलं.

वहिनी समोरच्या फ्लॅटच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत राहिल्या.

"म्हणजे त्यांना माहीत होतं."

"हो."

"त्या दिवशी घरी आले," त्या म्हणाल्या, "आणि चपला काढता काढता मला म्हणाले, अगं, पिना दोन्ही तुटल्या होत्या, बिचाऱ्या अनिकेतने पार पानिपतहून आणल्या. आणि मी काय म्हणाले माहितीये? मी म्हणाले, हो का? बरं झालं मिळाल्या."

त्या रडल्या नाहीत. "मग मी पोळ्या केल्या," म्हणाल्या.

तेव्हापासून मी एक करतो. बंदूक न्यायला कुणी आलं की आधी त्याला बसवतो आणि विचारतो, तब्येत कशी आहे, झोप लागते का, घरी सगळं ठीक ना? चोप्रा कपाळाला हात लावतो. म्हणतो, इनामदार साहब, ये दुकान है, दवाखाना नहीं. गिऱ्हाइकं हसतात. सगळे एकच उत्तर देतात, एकदम बढिया.

मग मी बंदूक पुसून त्यांच्या हातात देतो. न देण्याचा अधिकार मला नाही.